नेइमाट मावशी रोज अर्ज करते

माझ्या मावशीची, नेइमाट लाउकोनची, उजव्या हाताची मूठ पूर्ण वळत नाही. कोंबडीचं मांस हाडापासून सोडवायचं काम वर्षानुवर्षं केलं की तसं होतं. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, गरम पाण्यात धरावी लागतात, मग एकेक करून उघडतात. एकदा ती प्लांटच्या नर्सकडे हात दाखवायला गेली. नर्सने न बघताच एक गोळी दिली आणि परत लाइनवर धाडलं. मावशीने ती गोळी नर्सच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "ही तूच घे बाई. एवढ्या लोकांना परत पाठवून तुझंच डोकं दुखत असेल."

अशी ती. आम्ही मार्शल बेटांवरची माणसं तशी मऊ. भांडण झालं तर चार दिवस गप्प बसू, पण आवाज चढवणार नाही. मोठ्याने बोलणाऱ्याला आमच्यात नीट वाढवलेलं नाही असं मानतात. मावशीला मात्र हे सगळं शिकवायचं राहूनच गेलं असावं.

आर्कान्साच्या या कोपऱ्यात समुद्राचा वाससुद्धा येत नाही, तरी आम्ही इथे हजारोंनी आहोत, ते कोंबडीच्या प्लांटमुळे. त्यातले निदान तीसेक जण तरी मावशीने आणलेले. आधी तिचा भाऊ, म्हणजे माझा बिलिमोन मामा, मग त्याची बायको, मग तिच्या बहिणी, मग त्यांचे नवरे. विमानतळावरून व्हॅनमध्ये भरून आणायची, घरात चटया टाकून झोपवायची, भात आणि डब्यातलं मांस खायला घालायची आणि दोन दिवसांत प्लांटच्या ऑफिसात उभं करायची. "हा माझा माणूस. कामाला चांगला आहे." एवढं तिने म्हटलं की काम मिळायचं. प्लांटला माणसं नेहमीच कमी पडायची. इथल्या पोरांना ते काम नको असतं, थंडी, रक्त, वास आणि दिवसभर तोच एक कट.

कामावर घेताना इथे प्रत्येकाला एक सरकारी फॉर्म भरावा लागतो. तुम्हाला या देशात काम करायचा हक्क आहे हे कागद दाखवून सिद्ध करायचं, मालकाने ते कागद बघायचे आणि सही करायची. आमच्या देशाचा अमेरिकेशी करार आहे. आमच्या बेटांवर त्यांचा लष्करी तळ, आणि आम्हाला इथे येऊन राहायला, काम करायला मोकळीक. त्यामुळे आम्हाला ग्रीन कार्ड नसतं, आणि लागतही नाही. आमचा पासपोर्ट आणि देशात शिरल्याच्या नोंदीचा कागद, झालं. त्या फॉर्मसोबत कुठले कागद चालतात त्याची यादी असते, तिच्यात आमच्या देशाचं नाव चक्क छापलेलं आहे.

हे सगळं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. मग टॅम्रा लेडबेटर आली.

कंपनीच्या दुसऱ्या राज्यातल्या प्लांटवर सरकारी तपासणी झाली होती. फॉर्म अर्धवट, सह्या नाहीत, कार्डं खोटी, असं बरंच निघालं आणि कंपनीला जबर दंड बसला. तो दंड बसल्यावर मुख्य ऑफिसातले लोक घाबरले. त्यांनी आमच्याकडची जुनी मॅनेजर काढली आणि टॅम्राला आणलं. पस्तिशीची, नीटनेटकी, आवाज गोड. तिला सांगितलेलं होतं, सगळ्यांचे फॉर्म पुन्हा तपास.

सगळ्यांचे, असं म्हणायला. लाइनवरून बोलावणं कुणाला येत होतं ते मावशीने दुसऱ्याच दिवशी ओळखलं. ज्यांची आडनावं टॅम्राला उच्चारता येत नव्हती त्यांना. मेक्सिकोची माणसं, लाओसची माणसं आणि आम्ही. मावशीच्या शेजारी उभी राहून तेच मांस कापणारी डार्ला, जिचा जन्मदाखला आगीत गेला म्हणून ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायची, तिला कुणी हाक मारली नाही.

मावशीची पाळी आली तेव्हा मी तिथे होते. मी इथेच जन्मले, दुपारच्या पाळीत वृद्धाश्रमात काम करते, सकाळी मोकळी असते. मावशीला इंग्रजी येतं, पण ते लाइनवरचं. "लवकर", "सुरी बोथट झाली", "बाथरूम". ऑफिसातल्या इंग्रजीसाठी ती मला घेऊन जायची.

तिने पासपोर्ट आणि कागद टेबलावर ठेवले. टॅम्राने पासपोर्ट उलटापालटा केला.

"हे ठीक आहे मिसेस... मिसेस एल," ती म्हणाली. "पण मला तुमचं ग्रीन कार्ड लागेल."

"आमच्याकडे नसतं," मावशी म्हणाली.

"म्हणजे हरवलं?"

"नसतं. आम्हाला देतच नाहीत. लागत नाही."

टॅम्रा माझ्याकडे बघून हसली, लहान मुलाने काहीतरी गमतीचं म्हटल्यावर आपण त्याच्या आईकडे बघून हसतो तशी. "तुमच्या मावशींना जरा समजावता का? या देशाचे नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड लागतंच."

मी म्हटलं, "नाही लागत. ती यादी आहे ना तुमच्याकडे, तिच्यात बघा. डावीकडच्या रांगेत आमच्या देशाचं नाव आहे."

तिने यादी काढली. वाचली. खरंच वाचली, मी तिचे डोळे हलताना पाहिले. मग ती बाजूला ठेवली आणि दुसरा कागद पुढे ओढला. "मुख्य ऑफिसने मला जी यादी दिली आहे तिच्यात हे नाही. मला हिच्याप्रमाणेच जावं लागतं."

"सरकारचा कागद खोटा आणि तुमच्या ऑफिसचा खरा?" मी विचारलं.

"तसं मी म्हणत नाहीये." आवाज तसाच गोड. "शुक्रवारपर्यंत कार्ड आणा. नाहीतर मला नाइलाजाने नाव कमी करावं लागेल."

 आता मावशी पुढे झुकली. "पोरी, मी इथे आले तेव्हा तू शाळेत असशील. या प्लांटमध्ये इतकी वर्षं मी बेकायदेशीर होते आणि कुणाला कळलं नाही, असं म्हणायचंय का तुला?"

"मला काहीच म्हणायचं नाहीये. मला फक्त कार्ड हवंय."

शुक्रवारी मावशीकडे कार्ड नव्हतं, कारण ते असूच शकत नव्हतं. तिचे बूट, एप्रन आणि जाळीचा हातमोजा काढून घेतला. गळ्यातला बिल्ला काढून घेतला. तिचा सुपरवायझर रॉस हा मोठा बोलका माणूस. मावशीच्या घरी नातवंडाच्या पहिल्या वाढदिवसाला येऊन रात्रभर नाचलेला, दोन ताटं भरून घरी नेलेली. तो बिल्ला हातात घेऊन उभा राहिला आणि आपल्या बुटांकडे बघत राहिला.

मावशी त्याला म्हणाली, "रॉस, बुटात काही अडकलंय का?"

तो वळून लाइनकडे निघून गेला. तिचा राग खरा पेटला तो तिथे. टॅम्रा परकी होती. रॉसला सगळं माहीत होतं.

त्या आठवड्यात आमची जवळजवळ सगळी माणसं कामावरून गेली, बिलिमोन मामासकट. आणि मला ज्याची सर्वांत जास्त चीड येते ते हे की ज्यांची कार्डं खोटी होती ती राहिली. लाइनवर सगळ्यांना ठाऊक होतं कुणाचं कार्ड कुठे छापलंय. त्या लोकांवर माझा राग नाही, त्यांनाही पोरं आहेत. पण चकचकीत खोटं कार्ड दाखवलं की टॅम्रा खूश, आणि खरा पासपोर्ट दाखवणाऱ्याला दार. तिला कायदा पाळायचाच नव्हता. तिला यादीतल्या चौकोनात खूण हवी होती.

रविवारी चर्च झाल्यावर मागच्या हॉलमध्ये सगळे बसले. पास्टर एनोस म्हातारे आहेत, बोलतात हळू. ते म्हणाले, "आपण या देशात पाहुणे आहोत. नम्रपणे विनंती करू. पत्र लिहू. शांत राहिलो तर त्यांचं मन बदलेल."

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं की आयोवात एका मांसाच्या प्लांटमध्ये आपल्या लोकांना घेतायत, कागद नीट बघतात. दोन कुटुंबांनी तिथेच ठरवलं, निघायचं.

मावशी उठली. "पाहुणे?" ती म्हणाली. "पास्टर, माझी आई उत्रिक बेटावरची. ती पोर असताना या अमेरिकेने आमच्याच एका दूरच्या बेटावर चाचणी म्हणून अणुबॉम्ब उडवला, आणि तिच्या घरावर त्याचं धुकं उतरलं. मग वर्षानुवर्षं यांचे डॉक्टर बोटीने यायचे, तिचं रक्त काढायचे, वजन करायचे, लिहून न्यायचे. तिचा गळा कापून गाठ काढली. तेव्हा आईने कुणाला विचारलं का, तुमच्याकडे कार्ड आहे का म्हणून? पाहुणे आधी ते आले आमच्याकडे. न बोलावता."

 मागे एक बाळ रडायला लागलं. मावशीने आवाज आणखी चढवला.

"शांतच होतो आपण," ती म्हणाली. "शांत होतो म्हणून तर आपल्याला काढणं सोपं गेलं."

"मग करायचं काय नेइमाट?" पास्टरांनी विचारलं. चिडून नव्हे, खरंच विचारलं.

मावशीला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. ते तिला सोमवारी मिळालं, प्लांटसमोरून जाताना. कुंपणावर नेहमीचा मोठा फलक लावलेला होता. 'भरती सुरू आहे. आजच या. लगेच काम.' आमची माणसं काढल्यामुळे लाइन अर्धी रिकामी पडली होती, आणि फलकाशेजारी तसाच दुसरा नवा फलकही लागला होता.

"गाडी थांबव," ती मला म्हणाली. "आजच या म्हणतायत ना? सगळ्यांना गोळा करून जाऊ या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हॅन भरून बायका नेल्या. आत जाऊन सगळ्यांनी नोकरीचे अर्ज मागितले. बाहेरच्या टेबलावरच्या पोरीने सवयीने देऊन टाकले. बायकांनी बसून अर्ज भरले. मग एकेक जण टॅम्राच्या खोलीत जायची, पासपोर्ट आणि कागद समोर ठेवायची, आणि टॅम्रा म्हणायची, "ग्रीन कार्ड?"

मावशी शेवटी गेली.

"तुम्हाला मागच्या आठवड्यात सांगितलं ना," टॅम्रा म्हणाली.

"मागच्या आठवड्यात मी कामगार होते. आज मी नवीन आहे. तुझ्या फलकावर लिहिलंय, लगेच काम. दे."

"मी तुम्हाला घेऊ शकत नाही."

"का?"

"कारण तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण लिहून दे. 'हिचा पासपोर्ट चालत नाही' असं लिही, खाली सही कर."

टॅम्राने लिहून दिलं नाही. मावशी म्हणाली, "बरं, उद्या येते."

आणि आली. रोज जायचं ठरलं. सकाळी अंघोळ, फुलाफुलांचा लांब झगा, केसात शिंपल्यांचा हार, जशा आम्ही चर्चला जातो तशा तयार होऊन बायका व्हॅनमध्ये बसायच्या. अर्ज मागायचा, भरायचा, पासपोर्ट पुढे करायचा, 'नाही' ऐकायचं. मधल्या वेळात प्रतीक्षेच्या खोलीत बसायचं. खुर्च्या कमी पडायला लागल्या तेव्हा मावशीने घरून चटया आणल्या आणि जमिनीवर अंथरल्या. पावाचे गोळे, नारळ घातलेला भात, डबे उघडले जायचे. कुणीतरी हळूच भजन धरायचं, मग दुसरी खालचा सूर लावायची.

नोकरीला आलेली गोरी पोरं दारातून डोकावायची आणि विचारायची, "इथे काही कार्यक्रम आहे का?"

"हो," मावशी म्हणायची. "भरती चालू आहे. बस. भात खा."

टॅम्राने पहारेकऱ्याला बोलावलं. तो मावशीला ओळखत होता. म्हणाला, "मॅडम, यांना बाहेर काढू का नोकरीला आल्या म्हणून? काय सांगू?" ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

यात मजा होती असं कुणाला वाटेल. आम्ही हसायचोही. पण व्हॅनमध्ये परतताना कुणी हसत नसायचं. दर आठवड्याला एखादी बाई कमी व्हायची. आयोवाला गेली. ओक्लाहोमाला गेली. ज्या घरांमधून रविवारी वासावरून कळायचं की आज मासे आहेत, ती घरं रिकामी झाली. चर्चमधल्या गाण्याचा खालचा सूर पार गेला, कारण तो लावणारी तिन्ही माणसं एकाच कुटुंबातली होती आणि ते कुटुंब गेलं. ही सगळी मावशीने आणलेली माणसं. जाताना ती तिचा निरोप घ्यायला यायची आणि मावशी त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासत बसायची. त्यांच्यावर नव्हे, स्वतःवर चिडून. "मी शब्द दिला होता," ती मला म्हणाली. "मी म्हटलं होतं, या, इथे काम आहे, इथे कुणी त्रास देत नाही."

आणि बिलिमोन मामा. तो तर व्हॅनमध्ये कधी आलाच नाही. म्हणायचा, "पाय दुखतोय, तुम्ही जा." मामाला साखर होती, आमच्यात निम्म्यांना असते. औषधपाणी प्लांटच्या विम्यावर चालायचं. नोकरीबरोबर विमा गेला. त्याने हे कुणाला सांगितलं नाही की इन्सुलिन पुरवून पुरवून, अर्धं अर्धं घेतोय. विचारलं की म्हणायचा, "भरपूर आहे." आमची मऊ माणसं!

प्लांटच्या त्या प्रतीक्षेच्या खोलीच्या भिंतीवर, थंड पेयांच्या मशीनमागे, एक सरकारी पत्रक चिकटवलेलं होतं. आम्ही इतके दिवस त्याच्याखाली बसत होतो. कंपन्यांना ते लावणं सक्तीचं असतं म्हणून लावलेलं, निम्मं मशीनने झाकलेलं. एके दिवशी बायका आत होत्या, मी कंटाळून मशीनला टेकले आणि वाचायला लागले. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की तुम्हाला काम करायचा हक्क असेल तर तो कुणालाही हिरावू देऊ नका. खाली बारीक अक्षरात होतं की मालकाने अमुकच कागद आणा असं म्हणता कामा नये, चालणारा कागद नाकारता कामा नये. आणि फोन नंबर.

मला आधी हसू आलं. मग इतका राग आला की कानात धडधड ऐकू यायला लागली. त्यांच्याच भिंतीवर! रोज टॅम्रा त्या मशीनमधून आपली बाटली काढायची, त्याच्यावर हात टेकून. रॉस काढायचा. मुख्य ऑफिसातले साहेब आले की काढायचे.

मी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लाव फोन. इथूनच लाव. बाहेर जाऊ नकोस."

बराच वेळ वाट बघायला लावून एक बाई फोनवर आली. वॉशिंग्टनच्या सरकारी ऑफिसातली. मी सगळं सांगितलं. ती मध्ये मध्ये विचारत होती, "त्यांनी पासपोर्ट बघितला? सोबतचा कागद बघितला? आणि तरी ग्रीन कार्ड मागितलं?"

"रोज मागतायत," मी म्हटलं.

"रोज म्हणजे?"

"आम्ही रोज अर्ज करतो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"त्यांच्याच ऑफिसात बसलोय. भात खातोय."

बाई चक्क हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "मला तिथल्या मॅनेजरचं नाव आणि नंबर द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही चटयांवर बसलेल्या असताना टॅम्राचा फोन वाजला. तिच्या खोलीला काच आहे. आम्ही सगळ्यांनी बघितलं. आधी ती नेहमीसारखी हसून बोलली. मग हसणं थांबलं. मग ती उठून उभी राहिली, जणू फोनमधली बाई खोलीत आली होती. तिने ड्रॉवरमधून तीच यादी काढली, डावीकडच्या रांगेवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच राहिलं. एवढाच तो फोन. माझा कॉफीचा कप संपला नव्हता.

एका फोनमध्ये. त्याच कागदावर, त्याच ओळीवर. पहिल्या दिवशी मी तिला तेच दाखवलं होतं. माझ्या तोंडून ते खरं नव्हतं, वॉशिंग्टनच्या तोंडून झालं.

त्यानंतर कंपनीचा वकील आला. त्याने सांगितलं की सगळ्यांना परत घेतो, नवीन कामगार म्हणून. म्हणजे जुनी वर्षं पुसली, सुट्ट्या गेल्या, हवी ती पाळी मागायचा हक्क गेला. बायका थकल्या होत्या, सही करायला तयार होत्या. मावशीने पेन टेबलावर आडवं ठेवलं.

"नवीन म्हणून रोज आले तेव्हा तू घेतलं नाहीस," ती टॅम्राला म्हणाली. "आता नवीन झाले काय?"

वकील म्हणाला, "बाई, ही चांगली ऑफर आहे."

"तुझ्यासाठी."

पुन्हा वॉशिंग्टनला फोन, पुन्हा पत्रं, पुन्हा महिनाभर चटया. शेवटी कंपनीने सगळं कबूल केलं. जुनी वर्षं धरायची, बुडालेला पगार द्यायचा, आणि टॅम्रासकट ऑफिसातल्या सगळ्यांनी सरकारी वर्गाला बसून तो फॉर्म कसा भरायचा ते शिकायचं. आयोवाला गेलेल्यांना पत्रं गेली. बहुतेक आली नाहीत. तिकडे मुलांच्या शाळा सुरू झाल्या होत्या. आणि एकदा हाकललेल्या दारात परत जायला सगळ्यांनाच जमत नाही.

कामावर परतायच्या आधीच्या शनिवारी मामाला ताप आला. पायाचा मोजा काढला तेव्हा मामीने किंकाळी फोडली. अंगठ्याची जखम काळी पडून वर चढली होती. शहरातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाला, दोन महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं. गुडघ्याखालून पाय कापला.

त्या सोमवारी मावशी कामावर गेली. कॅन्टीनमध्ये केक ठेवला होता. 'पुन्हा स्वागत' असं वर निळ्या साखरेने लिहिलेलं. रॉस सुरी घेऊन उभा. "पहिला तुकडा नेइमाटला!" तो ओरडला, काही झालंच नाही असा.

मावशीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती सरळ टॅम्राकडे गेली. मी ऐकलं ते डार्लाकडून, आणि डार्ला वाढवून सांगत नाही.

"बिलिमोनचं काय?" मावशीने विचारलं.

टॅम्राला कळलेलं होतं. ती म्हणाली, "मला खूप वाईट वाटलं. पण त्यांचं पॅकिंगचं काम उभं राहून करायचं आहे. ते आता त्यांना..." आणि तिला रडू आलं. "मी मुद्दाम नाही केलं हो. मला वरून सांगितलं होतं. मला इतकी भीती वाटत होती की पुन्हा काही चुकलं तर..."

"भीती तुला वाटली," मावशी म्हणाली. "पाय त्याचा गेला."

 मावशीने हातमोजा चढवला आणि ती लाइनवर गेली. केक संध्याकाळपर्यंत तसाच होता, आमच्यापैकी कुणी खाल्ला नाही.

मामा घरी असतो. खिडकीशी बसून मासे पकडायच्या जाळीला गाठी मारतो, जवळपास मासे पकडायला समुद्र नसला तरी. चिडत नाही. तो चिडत नाही याचाच मावशीला जास्त राग येतो. "एकदा तरी ओरड ना रे," ती त्याला म्हणते, आणि तो हसून म्हणतो, "तू ओरडतेस ना दोघांच्या वाट्याचं."

हल्ली नवा मार्शली माणूस कामाला आला की मावशी त्याच्याबरोबर ऑफिसात जाते, सुट्टी टाकून जाते. शेजारच्या खुर्चीत बसते, बोलत काही नाही. तो पासपोर्ट पुढे ठेवतो, टॅम्रा तो बघते, फॉर्मवर उतरवते, सही करते, परत देते. कार्डाचं नाव काढत नाही. पेय-मशीनसुद्धा तिने सरकवून घेतलं आहे, भिंतीवरचं ते पत्रक आता पूर्ण दिसतं.

टॅम्रा बदलली, असं पास्टर एनोस म्हणतात. असेल. आमच्यात समोर आलेल्या माणसाला 'यॉक्वे', म्हणजे नमस्कार, म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत, वैऱ्यालाही म्हणतात. मावशी टॅम्राला म्हणत नाही. पास्टरांनी परवा तिला बाजूला घेऊन समजावलं, "नेइमाट, सोड आता. तिने चूक कबूल केली."

"माझ्याजवळ केली," मावशी म्हणाली. "बिलिमोनचं घर प्लांटपासून चालत जाण्याएवढं आहे. तिला दोन पाय आहेत."

टॅम्रा अजून मामाकडे गेलेली नाही.